वाचक विचारतात : नाथसागराचा काठ, आडरस्ते आणि सायकल

गेल्या अंकात आम्ही पैठणच्या जायकवाडी धरणामागे पसरलेल्या नाथसागराच्या काठाने, मोठे रस्ते टाळून, गावोगावच्या आडरस्त्यांवरून सायकलने कसे हिंडता येईल याविषयी एक लहानसे टिपण छापले होते. हा मुलूख सपाट आणि उथळ पाण्याचा असल्यामुळे साध्या सायकललाही मानवतो, एवढेच त्यात सांगितले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आम्ही चार मित्र नाथसागराला सायकलने पूर्ण प्रदक्षिणा घालण्याच्या विचारात आहोत. परंतु नकाशावर काठाकाठाने जाणारा सलग रस्ता काही सापडत नाही. तो कोठून जातो आणि त्यास किती दिवस लागतील? (एक वाचक, नांदेड)

असा रस्ता नाही, म्हणूनच तो आपल्याला सापडला नाही. आणि आमचे प्रामाणिक मत विचाराल तर प्रदक्षिणेचा नादच सोडून द्यावा.

त्यामागचे कारण या जलाशयाच्या घडणीत आहे. धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. धरणाची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब आहे आणि तिच्यामागे गोदावरीचे पाणी साधारण ५५ किलोमीटर लांब व रुंद जागी २७ किलोमीटरपर्यंत पसरते. एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर आणि पाण्याखाली जाणारे क्षेत्र सुमारे ३५,००० हेक्टर, म्हणजे सहज भागाकार करून पाहिला तर धरण काठोकाठ भरलेले असतानाही पाण्याची सरासरी खोली आठ मीटरांच्या आसपासच भरते. डोंगरातल्या धरणाचा काठ उभा असतो, त्यामुळे पाणी उतरले तरी तो फारसा हलत नाही. येथे मात्र पातळी हातभर खाली गेली की कित्येक ठिकाणी पाण्याची कड शेताच्या शेत मागे सरकते. जो काठ नोव्हेंबरात होता तो मार्चमध्ये तेथे नसतो. अशा काठाने बारमाही रस्ता बांधणार कोण आणि कोठे?

दुसरी गोष्ट जुन्या रस्त्यांची. धरण होण्यापूर्वी या भागातील वाटा गोदावरीच्या थडीवरच्या गावांकडे जात होत्या. ती गावे उठली, वरच्या अंगाला नव्याने वसली, वाटा मात्र आपल्या जुन्या दिशेनेच राहिल्या. म्हणून आजही अनेक आडरस्ते गावठाण ओलांडून, उसाच्या आणि कपाशीच्या शेतांमधून सरळ उतरत जातात आणि पाण्यात शिरून संपतात. डांबर संपते, मुरूम संपतो, पुढे बैलगाडीच्या चाकोऱ्या लागतात आणि त्यांच्या टोकाशी पाणी येते. नाथसागर पाहण्याची खरी जागा हीच आहे. परतण्यासाठी तोच रस्ता असतो, परंतु सकाळच्या आणि दुपारच्या उन्हात तो रस्ता सारखा दिसत नाही.

आमची सूचना अशी की आपण चौघांनी पैठणला मुक्काम करावा आणि उत्तर काठावरचे पिंपळवाडी, ढोरकीन या बाजूचे दोन-तीन फाटे निवडून एकेक फाटा पाण्यापर्यंत उतरून यावे. दुसऱ्या खेपेस पश्चिम टोकाला कायगाव टोका धरावे. तेथे प्रवरा आणि गोदावरी यांचा संगम आहे आणि जुने घाट व मंदिरेही पाहण्यासारखी आहेत. दक्षिण काठ शेवगावच्या बाजूने पाहावा. तो अहिल्यानगर जिल्ह्यात येतो आणि पैठणहून शेवगावला जाताना वाटेत घोटण येथील मल्लिकार्जुनाचे जुने देऊळ लागते.

नकाशाविषयी दोन शब्द. मोबाइलवरील उपग्रहचित्र उन्हाळ्यात टिपलेले असेल तर पाण्याखालची जमीन त्यात कोरडी दिसते आणि तीवरच्या ट्रॅक्टरच्या खुणा रस्ता म्हणून भासतात. त्यापेक्षा रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड वाचावा. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, आणि केशरी असेल तर ग्रामसडक. सायकलस्वाराने केशरी दगड शोधत जावे. त्याहीपुढे शिवरस्ते (गावांच्या हद्दीवरून जाणारे) आणि पांदण रस्ते (शेतांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटा) असतात, त्यांना दगड नसतो. तेथे विचारत जाणे हाच उपाय, आणि प्रश्न नेमका विचारावा. ‘रस्ता चांगला आहे का?’ असे विचारल्यास उत्तर बहुधा ‘हाय की’ असेच येते. त्याऐवजी ‘मामा, आज सकाळी हिकडून मोटारसायकल गेली का?’ असे विचारावे. मोटारसायकल गेली असेल तर सायकलही जाते.

प्रश्न : सायकल रेल्वेने किंवा एस.टी.ने नेता येते का? (अनेक वाचक)

रेल्वेने नेता येते. स्थानकावरील पार्सल कार्यालयात सायकल नोंदवावी लागते, ती ब्रेकव्हॅनमधून जाते आणि त्यासाठी गाडीच्या वेळेच्या बरेच आधी पोहोचावे लागते. नांदेड, परभणी, जालना या बाजूच्या वाचकांना छत्रपती संभाजीनगरपर्यंत ही सोय आहे. तेथून पैठण सुमारे पन्नास किलोमीटर असले तरी तो रस्ता सायकलने करू नये. चितेगाव, बिडकीन या औद्योगिक पट्ट्यातील जड वाहनांची त्यावर सतत ये-जा असते. छोटा टेम्पो चौघांत मिळून परवडतो. एस.टी.चे म्हणाल तर टपावर कॅरिअर असलेली गाडी आता नशिबानेच मिळते.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळालेल्या आहेत. त्या बिनगिअरच्या, साध्या आहेत. अशा सायकलींवर मुलींना पक्षी दाखवायला नेणे योग्य होईल का? कालव्याच्या कडेचा रस्ता सपाट व निर्मनुष्य असल्याने तो निवडावा, असे एका पालकांनी सुचवले आहे. (एक शिक्षिका, अंबड तालुका)

सायकलविषयी अजिबात शंका बाळगू नये. आठवी ते बारावीच्या ज्या मुली रोज त्याच सायकलवरून तीन-चार किलोमीटर शाळेला येतात, त्यांना सपाट मुलखात दिवसभरात पंधरा-वीस किलोमीटर जड नाहीत. चढच नसेल तर गिअरचे काम फारसे उरत नाही. महागड्या सायकलवर बसलेला माणूस आपण किती वेगाने आलो हे पाहत राहतो आणि टिटवी त्याच्या शेजारून उडून जाते, हेही आम्ही पाहिलेले आहे. फक्त निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक सायकलचे ब्रेकचे रबर, साखळीचा ताण आणि चाकांचे नट तपासून घ्यावेत. सीट इतपत वर असावी की पायडल खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ होईल. वाढत्या वयाच्या मुलींच्या सायकलींची सीट सायकल मिळाली त्या दिवसापासून खालीच राहिलेली असते आणि गुडघेदुखीचे मूळ पुष्कळदा तेथेच असते.

कालव्याचा रस्ता मात्र कृपया निवडू नये. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा आहे आणि आपल्या तालुक्यातूनच जातो, त्यामुळे तो सोयीचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पाण्याचे आवर्तन, म्हणजे सिंचनासाठी पाणी सोडण्याची पाळी, चालू असताना कालव्यातील पाण्याला ओढ असते, बाजूचे अस्तर उतरते आणि शेवाळाने गुळगुळीत झालेले असते, आत पडलेल्या माणसाला हाताने धरायला काहीही सापडत नाही. शिवाय कालव्यावर पाणपक्षीही थोडेच असतात. आपल्या गावाजवळचा एखादा पाझर तलाव, ज्याचा काठ हळूहळू उतरत जातो, तो या कामाला कितीतरी चांगला. मुलींची संख्या वीसच्या आत ठेवावी, एक शिक्षिका पुढे आणि एक सर्वांत मागे असावी, आणि रस्ता ओलांडायचा असेल तेथे सगळ्यांनी उतरून एकदमच ओलांडावा.

प्रश्न : रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पाहण्यासाठी कोणत्या महिन्यात यावे? गेल्या वर्षी आम्ही दिवाळीच्या सुट्टीत आलो, धरण पूर्ण भरलेले होते, तरीही पाणकावळे आणि बगळे सोडून काहीच दिसले नाही. (एक वाचक, लातूर)

धरण पूर्ण भरलेले असूनही नव्हे, भरलेले होते म्हणूनच काही दिसले नाही. रोहित, शेकाट्या, तुतवार, चिखल्या हे सारे उथळ पाण्यात किंवा ओल्या चिखलात चालत चरणारे पक्षी आहेत. जलाशय १,५२२ फुटांच्या पूर्ण पातळीला असतो तेव्हा पाणी थेट शेतांच्या बांधांना आणि बाभळींच्या बुडख्यांना लागलेले असते, त्यामुळे त्यांना पाय टेकायलाही जागा नसते. पाणी सिंचनासाठी सुटू लागते, पातळी उतरते, चिखलाचे पट्टे उघडे पडतात, आणि मग हे पक्षी काठाशी येतात. भरपूर पावसाच्या वर्षी ही वेळ लांबते, कमी पावसाच्या वर्षी लवकर येते. म्हणून महिना विचारण्याऐवजी पातळी विचारावी. ती वर्तमानपत्रांत नियमित छापून येते. सर्वसाधारण वर्षी जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा काळ रोहितांसाठी बरा.

बदके याला अपवाद आहेत. तलवार बदके, थापट्या, चक्रवाक हे हिवाळी पाहुणे नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच मोठ्या पाण्यावर असतात, पण ते काठापासून दूर राहतात आणि दुर्बिणीविना ते काळे ठिपकेच दिसतात. त्या मानाने वारकरी पक्षी पाहायला सोपा. काळा देह, कपाळावर पांढरा टिळा, आणि शेकड्यांनी एकत्र.

सायकलस्वाराला खरे सुख मिळते ते गाळपेराच्या जमिनीवर. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी ही गाळाची जमीन शेतकरी हंगामापुरती कसतात. तीत गहू, हरभरा, ज्वारी घेतात, आणि जमिनीतील ओलीवर पीक पुष्कळसे येते. पहाटे या हरभऱ्यात पट्टकदंब हंस चरत असतात. हिमालय ओलांडून येणारा हा पक्षी मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या हरभऱ्याला तोंड लावतो तेव्हा शेतकऱ्याला त्याचे कौतुक असेलच असे नाही, हे लक्षात ठेवून बोलावे. कांड्या करकोच्यांचे थवेही दिवसा शेतात उतरतात आणि रात्री उथळ पाण्यात उभे राहतात. सायकल येथे उपयोगी पडते ती अशी की मोटारीचे दार उघडताच थवा उठतो, पण रोज रस्त्याने जाणाऱ्या सायकली त्यांच्या सवयीच्या असतात. आपण पायडल न थांबवता संथपणे जवळून गेलात तर हंस मान वर करून पाहतात आणि पुन्हा चरू लागतात. आपण थांबून त्यांच्याकडे तोंड केले की मात्र ते अस्वस्थ होतात. म्हणून थोडे पुढे जाऊन, बाभळीच्या आडोशाला सायकल आडवी ठेवून मग मागे वळून पाहावे.

वाऱ्याचा हिशेब यातच सांगून टाकतो. सपाट मुलखातील चढ म्हणजे वारा. हिवाळ्यात तो बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येतो. पहाटे जवळजवळ पडलेला असतो आणि दहाच्या सुमारास उठतो. पैठण हे जलाशयाच्या पूर्व टोकाला असल्यामुळे तेथून काठाकाठाने निघालेला माणूस जाताना पश्चिमेकडे वाऱ्याच्या ओघात भरभर जातो आणि परतताना दुपटीने दमतो. उजाडताच निघून अकराच्या आत परत फिरणे हे सर्वांत बरे. फेब्रुवारी संपता संपता दुपारचा वारा पश्चिमेकडून येऊ लागतो, तेव्हा हा हिशेब उलटा करावा. निघताना गावच्या देवळावरचा झेंडा पाहिला की अंदाज येतो.

प्रश्न : काठाच्या रस्त्यांवर एका दिवसात दोनदा पंक्चर झाले. महागडे टायर घ्यावेत काय? (एक वाचक, परभणी)

आधी काटा ओळखावा. जलाशयाच्या काठाने वेड्या बाभळीचे रान माजलेले आहे. शेतकरी ती तोडून बांधावर कुंपण घालतात आणि त्या फांद्यांचे तुकडे वाटेवर पडतात. तिचा काटा टायरमधून आत शिरतो आणि बाहेरच्या बाजूने मोडतो, त्यामुळे आत राहिलेले टोक दिसत नाही. ट्यूबला पॅच लावून ती पुन्हा बसवली की तेच टोक तिला पुन्हा भोसकते. आपले दुसरे पंक्चर बहुधा असेच झाले असावे. ट्यूब बाहेर काढल्यावर टायरच्या आतून फडके फिरवावे, ते जेथे अडकेल तेथे टोक आहे असे समजावे आणि नखाने किंवा चिमट्याने ते उपसून काढावे. उघड्या बोटाने चाचपू नये. बरोबर एक जादा ट्यूब, पॅच, सोल्युशन, काचकागदाचा तुकडा, टायर उपसण्याचे दोन पाने आणि हातपंप असला म्हणजे महागड्या टायरवाचून अडत नाही.

आपण पत्रात चिखलाचा उल्लेख केलेला नाही, परंतु पावसाळ्यात येणाऱ्यांसाठी सांगणे आवश्यक आहे. येथील काळी रेगूर जमीन भिजली की सायकलचा मार्ग खुंटतो. माती टायरला चिकटते, टायरवरची माती मडगार्डखाली थापली जाते, तीत वाळलेले गवत अडकते आणि वीस-पंचवीस पावलांत चाक फिरायचे थांबते. अशा वेळी ढकलण्याचाही उपयोग नसतो, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. जून ते सप्टेंबर डांबरी रस्ता सोडू नये. अवकाळी पाऊस झाल्यास किमान दोन दिवस पांदणीत उतरू नये.

प्रश्न : मी एकटी सायकल चालवते. या आडरस्त्यांवर बाई माणसाने एकटीने जाणे कितपत सुरक्षित आहे? वस्त्यांवरची कुत्री आणि उसाचे ट्रॅक्टर यांचीही धास्ती वाटते. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

सकाळच्या वेळी हे रस्ते आपण समजता तितके निर्जन नसतात. दूध घालायला निघालेले लोक, शाळेची मुले, वेचणीला आणि खुरपणीला जाणाऱ्या बायकांचे घोळके वाटेत भेटत राहतात. सोबत असली तर उत्तमच. एकटीने जायचे झाल्यास पहिल्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर थांबून, कोणत्या गावाकडे जात आहोत आणि किती वाजता परतणार आहोत, ते सांगून जावे. पुढे शेतात बायका दिसल्या की थांबून चार शब्द बोलावे. ‘मावशी, पाणी मिळंल का?’ एवढ्याने ओळख होते आणि मग आपण कोणाच्या लेकी, कोणत्या गावच्या, एकट्याच का आलात, या प्रश्नांची उत्तरे मात्र मोकळेपणाने द्यावी लागतात. या चौकशीचा काही जणींना कंटाळा येतो. आमच्या मते आडरस्त्यावर त्याहून चांगले संरक्षण नाही, कारण दुपारपर्यंत तुम्ही कोण आणि कोणीकडे गेलात हे साऱ्या शिवाराला ठाऊक झालेले असते. सूर्यास्ताच्या तासभर आधी डांबरी रस्त्यावर यावे, हा नियम पुरुषांनीही पाळावा.

कुत्र्यांपुढून जोरात पायडल मारून पळू नये, ती त्याने अधिकच चेकाळतात. उतरावे, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावी, वस्तीकडे तोंड करून ‘कुत्रं आवरा हो’ अशी हाक द्यावी आणि चालत पुढे जावे.

उसाच्या ट्रॅक्टरची धास्ती मात्र योग्यच आहे. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि नेमक्या पक्ष्यांच्या दिवसांत एरवीचे शांत आडरस्ते दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांनी भरतात. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो, मागची ट्रॉली वळणावर आत ओढली जाते, आणि चालकाच्या शेजारी गाणी इतक्या मोठ्याने लागलेली असतात की आपल्या घंटीचा उपयोग शून्य. समोरून किंवा मागून ट्रॅक्टर आला की रस्ता सोडून कडेला उतरून उभे राहावे. मान-अपमानाचा प्रश्न करू नये.

प्रश्न : पाण्याजवळ तंबू ठोकता येईल का? छायाचित्रांसाठी सुकलेल्या पात्रात सायकल नेली तर चालते का? (एक वाचक, बीड)

तंबूचे उत्तर नाही असेच आहे. जलाशय व त्याचा काठ मिळून सुमारे ३४१ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि अभयारण्यात शिरण्यासाठी, राहण्यासाठी वन विभागाची परवानगी लागते. धरणाच्या भिंतीवरही जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय सायकल नेता येत नाही. मुक्काम पैठणमध्ये करावा. नाथषष्ठीच्या, म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठीच्या, आसपास यायचे असेल तर गावात उभे राहायला जागा नसते आणि सारे रस्ते दिंड्यांचे असतात, हे ध्यानात घ्यावे.

सुकलेल्या पात्राविषयी अधिक आग्रहाने सांगतो. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत नदी सुरय, टिटवी, शेकाट्या हे पक्षी उघड्या पडलेल्या काठावर आणि बेटांवर थेट जमिनीवर अंडी घालतात. घरटे म्हणजे मातीतला एक उथळ खळगा आणि अंड्यांचा रंग आजूबाजूच्या खड्यांसारखा, त्यामुळे चाकाखाली गेले तरी कळत नाही. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली किंवा सुरय सूर मारून अंगावर येऊ लागले की आपण घरट्यांमध्ये शिरलो आहोत असे समजावे आणि आलो त्याच चाकोरीतून माघारी फिरावे. ड्रोन तर मुळीच उडवू नये. त्याच्या एका फेरीने सारा थवा उठतो आणि त्यानंतर काठावर छायाचित्र घेण्यासारखे काही उरतही नाही.

प्रश्न : पैठण आम्हांला लांब पडते. जवळपास असे काही आहे का? (हिंगोली, उदगीर व माजलगाव येथील वाचक)

माजलगावकरांच्या दाराशीच सिंदफणा नदीवरील धरण आहे. त्यांनी पैठणला येण्याची घाई करू नये. हिंगोलीच्या वाचकांना पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन्ही धरणे जवळ आहेत, परंतु येलदरीचा परिसर चढउतारांचा असल्याने तेथे गिअरची सायकल असलेली बरी. उदगीरच्या वाचकांनी आपल्या तालुक्यातील पाझर तलाव पाहावेत. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर मराठवाड्यात असे तलाव मोठ्या संख्येने खोदले गेले आणि त्यांतील पुष्कळ तलावांत हिवाळ्यात बदके उतरतात. तलावापर्यंत जाणारा रस्ता कोणता, हे ग्रामपंचायतीत किंवा तलावात मासे धरणाऱ्यांना विचारावे. त्यांना तलावाची खोल बाजू कोणती आणि उथळ कोणती हेही ठाऊक असते. उथळ बाजूने, सूर्य पाठीशी राहील अशा बेताने, सकाळी आठाच्या आत पोहोचावे.